टेपने सरळ झालेली बोटे आणि न झालेली बोटे

गुहागर तालुक्यातील एका वाडीवरून जूनच्या पहिल्या आठवड्यात मला निरोप आला, की घरच्या उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांपैकी काहींना उभे राहता येत नाही. पिल्ले तेव्हा तीन दिवसांची होती. पशुवैद्य म्हणून मला असे निरोप पावसाळ्याच्या तोंडाला नेहमी येतात. परंतु या प्रकरणात एकाच कळपात, तीन आठवड्यांच्या आत, पायांच्या चार निरनिराळ्या तक्रारी माझ्यासमोर आल्या, आणि त्यांपैकी एका तक्रारीच्या बाबतीत मी दिलेला सल्ला अपुरा असल्यामुळे काही पिल्लांचे मोलाचे दोन-तीन दिवस वाया गेले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

पक्षी पाळणाऱ्या काकी पन्नाशीच्या आहेत आणि बचत गटामार्फत आसपासच्या घरांना पिल्ले विकतात. त्यांच्याकडे सुधारित गावठी जातीच्या १४ कोंबड्या आणि २ कोंबडे होते. खुडूक कोंबडीखाली एका वेळी दहा-बारा अंडीच बसवता येत असल्याने त्यांनी दोन वर्षांपूर्वी ७० अंड्यांचे, आतमध्ये पंखा असलेले उबवणी यंत्र घेतले होते. या खेपेला आठ दिवसांची ६२ अंडी त्यात ठेवली गेली. सातव्या दिवशी विजेरीच्या उजेडात पाहून ६ वांझ अंडी काढली. उरलेल्या ५६ अंड्यांतून ३९ पिल्ले बाहेर आली, त्यांतली दोन पहिल्याच रात्री दगावली, आणि मी पोहोचले तेव्हा ३७ पिल्ले जिवंत होती. आदल्या दोन खेपांना काकींच्या यंत्रातून याहून पुष्कळ अधिक पिल्ले निघाली होती, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले होते. त्या वाक्याकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

पिल्ले पत्र्याच्या पेटीत होती, तळाशी गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलेले होते, आणि वर शंभर वॉटचा दिवा इतका खाली टांगला होता की सगळी पिल्ले दिव्यापासून दूर, पेटीच्या कडांना चिकटून, चोची उघड्या टाकून बसली होती. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता पुरते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवायची असते. येथे ती कितीतरी जास्त होती. पिल्ले हातात घेण्याआधी दिवा वर ओढला आणि वर्तमानपत्र काढून त्या जागी धुतलेले गोणपाट पसरले.

व्यंग असलेली नऊ पिल्ले वेगळी केल्यावर त्यांचे दोन गट स्पष्ट दिसले. चार पिल्लांचे दोन्ही पाय मांडीपासून बाजूला फाकलेले होते. ती पोटावर पसरून पडत आणि पुढे सरकण्यासाठी पंख मारत. बाकीची पाच पिल्ले व्यवस्थित उभी राहत होती, धावतही होती, पण त्यांची एक किंवा दोन बोटे आडवी, बाजूला वळलेली होती, जणू कोणी ती बोटे पेरापाशी धरून कडेला वाकवली असावीत. पहिल्या गटाचे कारण समोरच होते. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या मांडीच्या आतल्या स्नायूंत पाय जवळ धरून ठेवण्याइतके बळ नसते, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पाय एकदा घसरू लागला की तो दर पावलाला अधिकच फाकतो. दुसऱ्या गटातील बोटांचे कारण इतके सरळ सांगता येत नाही. उबवणीतील उष्णतेचे चढउतार, ब्रूडरमधील, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या पेटीतील अती उष्णता, गुळगुळीत किंवा जाळीची जमीन आणि आनुवंशिकता ही सगळी कारणे त्यामागे असू शकतात. काकींनी सांगितले, की वळवाच्या वादळात दोन वेळा बराच काळ वीज गेली होती आणि वीज आल्यावर ‘गेलेली ऊब भरून काढण्यासाठी’ त्यांनी यंत्राचा काटा ३९ अंशांवर नेऊन एक दिवस तसाच ठेवला होता. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश हे प्रमाण आहे. गर्भ थंडी काही काळ सोसतो, पण जास्तीची उष्णता फार कमी सोसतो. म्हणून वीज गेल्यानंतर काटा वर न नेता तो पूर्वीच्याच अंकावर ठेवावा, हे मी त्यांना समजावले.

फाकलेल्या पायांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप वापरली. तिची अर्धा सेंटिमीटर रुंद आणि सुमारे बारा सेंटिमीटर लांब पट्टी कापून ती एका पायाच्या नळीभोवती, पंजाच्या थोडी वर, सैलसर गुंडाळायची, मग दुसऱ्या पायाच्या नळीभोवती तशीच न्यायची, आणि दोन्ही पायांमधल्या भागात टेपच्या चिकट बाजू एकमेकींना चिकटवून एक छोटा दुवा तयार करायचा. या दुव्याची लांबी हा सगळ्या उपायाचा गाभा आहे. निरोगी पिल्लू शांत उभे असताना त्याच्या पंजांमध्ये जितके अंतर असते तितकेच ते ठेवावे. तीन दिवसांच्या पिल्लात ते दोन ते अडीच सेंटिमीटर भरते. दुवा आखूड झाला तर पिल्लू पुढे कोलमडते, लांब झाला तर पाय पुन्हा फाकतात. टेप ओढून बांधली तर नळीला काच पडतो आणि पंजा निळसर होऊ लागतो. म्हणून बांधल्यावर अर्ध्या तासाने आणि नंतर दिवसातून तीन वेळा पंजाचा रंग पाहण्यास सांगितले. बांधलेली पिल्ले पहिला तासभर धडपडतात, पडतात, ओरडतात. ते पाहून टेप सोडण्याचा मोह होतो, पण गोणपाटासारखी खरबरीत जमीन असेल तर दुसऱ्या दिवशी ती नीट पावले टाकू लागतात.

या पिल्लांना इतरांपासून वेगळे ठेवावे लागते, कारण टेपवर चोची मारण्याची बाकीच्यांना खोड लागते. मात्र एकटे पिल्लू सारखे ओरडत राहते आणि खात नाही. म्हणून पेटीतच मध्ये जाळीचा पडदा लावून दोन्ही बाजूंच्या पिल्लांना एकमेकांची दृष्टी आणि आवाज मिळेल अशी व्यवस्था केली. बांधलेले पिल्लू पाण्यात पडले तर त्याला उठता येत नाही. त्यासाठी पाण्याच्या थाळीत खडे भरून पाणी फक्त चोचीपुरते राहील असे पाहिले.

आडव्या बोटांसाठी औषधाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा कापून पंजाच्या आकाराचा जोडा केला. एकाने पिल्लू उताणे धरायचे, दुसऱ्याने पुठ्ठ्यावर पंजा ठेवून एकेक बोट सरळ करत वरून टेप बसवायची. पुढची तीन बोटे नैसर्गिकपणे जितकी पसरतात तितकीच पसरवायची, त्याहून अधिक ताणायची नाहीत, आणि मागचे बोट मोकळे सोडायचे. या वयात हाडे मऊ असल्याने दोन-तीन दिवसांत बोट सरळ होते. आठवडा उलटल्यावर हा उपाय सुरू केला तर फारसे हाती लागत नाही. टेप काढताना ती ओढू नये. खोबरेल तेलाचा बोळा फिरवून पाच मिनिटे थांबल्यास ती आपोआप सुटते, आणि पिल्लाची कोवळी कातडी सोलवटत नाही.

काकींच्या सासूबाई पडवीत बसून हे सारे पाहत होत्या. त्यांच्या लहानपणी अशा पिल्लाच्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावत, असे त्यांनी सांगितले. चुना पिल्लाच्या कातडीला भाजतो, म्हणून तो न लावण्याची विनंती मी केली आणि आजींनी ती मानली.

निघण्यापूर्वी यंत्रात राहिलेली न फुटलेली १७ अंडी मी फोडून पाहिली, कारण काकींनी ती आशेने अजून आतच ठेवली होती. काही गर्भ उबवणीच्या मध्यावर मेले होते, तर सात-आठ पूर्ण वाढून कवचातच अडकले होते. पूर्ण वाढलेल्या तीन-चार गर्भांची लव नेहमीसारखी मोकळी नव्हती. तिचे टोकाशी गुंडाळलेले, गाठाळ गुच्छ झाले होते. मी ते पाहिले, आणि शेवटच्या तीन दिवसांत यंत्रात दमटपणा कमी पडला असावा, असा समज करून घेऊन विषय तेथेच सोडला. ही माझी चूक होती, आणि ती एका आठवड्याने उघड झाली.

निघताना मी काकींना म्हणाले होते, “काकी, आणखी कुणाची बोटे वाकडी दिसली, तर वाट पाहू नका, लगेच असाच जोडा बांधा.” या वाक्यात ‘वाकडी’ म्हणजे कशी, हे मी सांगितले नव्हते.

दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. पहिल्या गटाची हकीकत समाधानाची होती. फाकलेल्या चारांपैकी तीन पिल्ले चौथ्या दिवशी टेप सोडल्यावर सरळ चालू लागली होती, चौथे अशक्तपणाने दगावले होते, आणि आडव्या बोटांच्या पाचांपैकी चार पूर्ण सुधारली होती. “पण मॅडम, आता नव्या पिल्लांची बोटे वाकायला लागलीत, आणि जोडा काढला की पुन्हा मिटतात,” असे त्या म्हणाल्या. सातव्या दिवशी तीन पिल्लांची बोटे वाकलेली दिसल्यावर त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे तातडीने जोडे बांधले होते. आता आणखी पाच पिल्लांना तेच सुरू झाले होते. पायांना व्यंग घेऊन जन्मलेली पिल्ले आणि जन्मतः चांगली असून आठवड्याने व्यंग येणारी पिल्ले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फोनवर ऐकतानाच माझ्या लक्षात आले.

त्या आठ पिल्लांचे निरीक्षण मी जमिनीवर बसून, त्यांना हात न लावता केले. अशा वेळी पिल्लू चटकन उचलू नये, कारण हातात घेतलेले निरोगी पिल्लूसुद्धा बोटे मिटते आणि फसगत होते. या पिल्लांची बोटे बाजूला वळलेली नव्हती. ती आत, तळव्याकडे, मुठीसारखी मिटत होती, आणि दोन्ही पंजांत मिटत होती. पिल्ले मिटलेल्या मुठीवर टेकून दोन पावले टाकत आणि मग मागच्या सांध्यावर बसून राहत. या सांध्याला पाळणारे लोक गुडघा म्हणतात, पण तो पक्ष्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. सांध्यांना सूज नव्हती, गरमपणा नव्हता. पिल्लांचे डोळे तरतरीत होते, खाद्य टाकताच ती पंखांनी तोल सावरत, घोट्यांवर खुरडत खाद्यापाशी येत होती आणि आवडीने खात होती. बोट माझ्या हाताने अगदी सहज सरळ होत होते, आणि सोडताच पुन्हा मिटत होते. आडव्या वळलेल्या बोटाचा दोष बोटाच्या घडणीतच असल्याने ते असे सहज सरळ होत नाही. येथे हाडात काहीच दोष नव्हता; बोट उघडे धरून ठेवण्याची आज्ञाच पायापर्यंत पोहोचत नव्हती.

हे चित्र रायबोफ्लेविनच्या, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाच्या अभावाचे आहे. या अभावात मांडीतून जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूचे आवरण बिघडते, तंतू सुजतो आणि मऊ पडतो. साधारण दहा ते चौदा दिवसांच्या पिल्लांत तो प्रकट होतो. आईच्या अंड्यातूनच साठा कमी आला असेल तर त्याआधीही दिसू शकतो. निश्चिती मात्र दुसऱ्या सकाळी झाली. पहिल्या तीनांपैकी सर्वांत खंगलेले पिल्लू रात्री इतरांच्या पायांखाली सापडून मेले, आणि मी त्याचे शवविच्छेदन केले. मांडीच्या आतील बाजूचे स्नायू विलग केल्यावर दोन्ही बाजूंचे मज्जातंतू सारखेच जाड, फिकट पिवळसर आणि मऊ झालेले दिसले. निरोगी पिल्लात तो तंतू बारीक, चकचकीत पांढरा दिसतो. रायबोफ्लेविनच्या तीव्र अभावात त्याची जाडी चार ते सहा पट होऊ शकते.

इतर शक्यता तपासणे आवश्यक होते. मरेक या विषाणूजन्य रोगातही हाच तंतू जाड होतो, पण बहुधा एका बाजूचा, आणि तो रोग सहसा याहून मोठ्या पक्ष्यांत आढळतो. त्यात पक्षी एक पाय पुढे व एक मागे टाकून पडतो. मेंदूच्या संसर्गजन्य आजारात पिल्लांची मान आणि डोके थरथरते, तसे येथे काही नव्हते. मुडदुसात चोच आणि हाडे रबरासारखी लवचिक होतात. या पिल्लांच्या चोची टणक होत्या. बेंबीही सर्वांची कोरडी आणि बंद होती, म्हणजे तेथून शिरणारा संसर्गही नव्हता.

मग ब२ गेले कोठे? याचे उत्तर कोंबड्यांच्या खुराड्यात मिळाले. मागील वर्षापर्यंत काकींच्या कोंबड्या दिवसभर गोठ्याभोवती, उकिरड्यावर आणि परसात हिंडत असत. जानेवारीत मुंगसाने आणि कोल्ह्याने मिळून सात कोंबड्या नेल्यावर त्यांनी सिमेंटच्या जमिनीचे पक्के खुराडे बांधून घेतले. तेव्हापासून कोंबड्या आतच होत्या, जमीन रोज सकाळी धुतली जात होती, आणि खाद्य म्हणून तांदळाची कणी, थोडा मका आणि शिळा भात दिला जात होता. कुक्कुटखाद्याच्या प्रमाणांसाठी आजही आधार मानल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यानुसार, खाण्याची अंडी घालणाऱ्या कोंबडीला एक किलो खाद्यात सुमारे २.५ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन पुरते, परंतु उबवणीची अंडी घालणाऱ्या कोंबडीला आणि लहान पिल्लाला सुमारे ३.६ मिलिग्रॅम लागते. पॉलिश केलेल्या तांदळाच्या एका किलोत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. मोकळ्या कोंबडीला ही उणीव कोवळे गवत, किडे आणि उकिरड्यातील शेण भरून देते, कारण शेणात आणि खुराड्यातील जुन्या लिटरमध्ये, म्हणजे तूस-भुशाच्या अंथरणात, जीवाणूंनी तयार केलेले ब जीवनसत्त्व असते. काकींनी कोंबड्यांना भक्षकांपासून वाचवले आणि जागा स्वच्छ ठेवली. दोन्ही गोष्टी योग्यच होत्या, परंतु त्याबरोबर ब२ येण्याच्या सर्व वाटा बंद झाल्या आणि खाद्य मात्र पूर्वीचेच राहिले.

पिल्लांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडली होती. पावसामुळे दुकानात चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, आले नव्हते, म्हणून सुरुवातीपासून त्यांना कणी आणि भिजवलेली नाचणी दिली जात होती. नाचणी कणीपेक्षा बरी, पण तिच्यातही किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आतच ब२ असते. आईकडून अंड्यात कमी आलेले आणि बाहेर आल्यावर खाद्यातूनही कमी मिळालेले, असे दोन्हीकडून ओढलेले पिल्लू आठवड्यात मुठीवर आले. गर्भांची गाठाळ लव, निम्म्यावर मेलेले गर्भ आणि घसरलेली उबवण ही त्याच अभावाची आधीची चिन्हे होती, आणि ती पहिल्या भेटीतच माझ्या हातात होती.

उपचार मूळ कारणाच्या मानाने सोपा आहे. सर्व जोडे काढून टाकले. पाठ्यग्रंथांत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बाधित पिल्लाला १०० मायक्रोग्रॅम रायबोफ्लेविन रोज एकदा, सलग दोन दिवस, तोंडाने द्यायचे होते. दहा मिलिग्रॅमची एक गोळी बारीक कुटून १०० मिलिलिटर कोमट पाण्यात चांगली ढवळली की त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये नेमके १०० मायक्रोग्रॅम येते. हे पाणी सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचे आणि पिल्लू प्रत्येक थेंब गिळते आहे ना ते पाहायचे. घाईने सगळे सोडल्यास ते श्वासनलिकेत जाते. बाकी सर्व कळपाला पाच दिवस पिण्याच्या पाण्यातून पक्ष्यांचे ब जीवनसत्त्वाचे औषध बाटलीवरील मात्रेने सुरू केले, कारण ज्यांची बोटे अजून मिटली नव्हती त्यांचेही खाद्य तेच होते. रायबोफ्लेविनचे जास्तीचे प्रमाण शरीराबाहेर टाकले जाते, त्यामुळे निरोगी पिल्लांना त्याचा धोका नव्हता.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. ब२ ला उजेड सोसत नाही. काकींनी औषधाचे पिवळेधमक पाणी पारदर्शक बाटलीत भरून ती नेमकी दिव्याखाली ठेवली होती. अशा पाण्यातील जीवनसत्त्व काही तासांतच बरेचसे नष्ट होते. म्हणून पाणी स्टीलच्या झाकलेल्या भांड्यात, दिव्यापासून दूर ठेवून ते सकाळ-संध्याकाळ ताजे करावे, असे ठरले. आजींनी ताकाची निवळ द्यावी का, असे विचारले, आणि तो प्रश्न अगदी योग्य होता, कारण निवळीला जी हिरवट-पिवळी झाक असते ती रायबोफ्लेविनचीच असते. आधार म्हणून निवळ चांगली, पण मज्जातंतू सुजलेल्या पिल्लाचे औषध म्हणून तिच्यातील प्रमाण अपुरे पडते. म्हणून औषध चालू ठेवून दुपारच्या पाण्याऐवजी निवळ द्यायला मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी जवळच्या शृंगारतळी गावाहून चिक स्टार्टरचे पोते आणवले आणि कणी पूर्णपणे बंद केली.

नंतर आजारी पडलेली पाचही पिल्ले तिसऱ्या ते चौथ्या दिवशी पंजे पसरून चालू लागली. आधीच्या तिघांपैकी एक तर मेलेच होते. दुसऱ्याला आठ दिवस लागले. तिसऱ्याचा डावा पंजा उघडला, पण उजवा अखेरपर्यंत अर्धा मिटलेलाच राहिला. मज्जातंतूची हानी फार दिवसांची झाली की औषधाने ती भरून येत नाही. या तिघांचे नुकसान माझ्या सल्ल्यामुळे गेलेल्या दिवसांनी झाले, की मुळातच त्यांच्यातील अभाव सर्वांत तीव्र असल्याने ती आधी आजारी पडली आणि त्यांचे नुकसान कसेही टळले नसते, हे आठ पिल्लांवरून ठरवता येणार नाही. तथापि सातव्या दिवशी मला फोन आला असता तर औषध तीन दिवस आधी सुरू झाले असते, आणि तो फोन येऊ नये अशी व्यवस्था माझ्याच वाक्याने झाली होती. तेव्हापासून मी पाळणाऱ्यांना जोडा शिकवताना जमिनीवर बोटाने दोन पंजे काढून दाखवते, एक बाजूला वळलेला आणि एक आत मिटलेला, आणि दुसरा दिसला तर टेपला हात न लावता मला कळवा, असे सांगते.

तेराव्या दिवशी एका पिल्लाचा उजवा पाय घोट्यापासून बाहेर पिरगळलेला आढळला. घोटा रुंद आणि चपटा झाला होता, आणि मागच्या बाजूने खाली येणारी जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, आपल्या खाचेतून निसटून बाजूला गेली होती. गावाकडे याला ‘शीर सरकली’ म्हणतात, आणि हे वर्णन शब्दशः खरे आहे. खाद्यात मँगनीज, कोलीन, बायोटिन किंवा फॉलिक ॲसिड यांपैकी कशाचाही अभाव असला तर हे होऊ शकते. मक्यात मँगनीज फार कमी असते, पिल्लाला किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास लागते, आणि या कळपाचे आधीचे खाद्य पाहता तो अभाव संभवनीय होता. पण एकाच पिल्लावरून नेमके कारण सांगणे धाडसाचे ठरेल. पाय मागे ताणून अंगठ्याने कंडरा खाचेवर ढकलली. ती बसली, पण पाय वाकवताच पुन्हा निसटली. पट्टी बांधून दोन दिवस पाहिले. शीर पहिल्या काही तासांत बसवली तरच टिकण्याची आशा असते. खाद्यात मँगनीज वाढवल्याने पुढची पिल्ले वाचतात, सरकलेली शीर मात्र परत येत नाही. ते पिल्लू वेदनेने खाद्यापाशी जाईनासे झाल्यावर मी काकींच्या संमतीने त्याला वेदनारहित मरण दिले. काकींना ते फार लागले. पंधरा दिवस त्या पिल्लाला त्यांनी हाताने पाणी पाजले होते.

यानंतरचे काम कोंबड्यांच्या खाद्याचे होते. ब२ नसलेले खाद्य सुरू झाल्यावर कोंबडीच्या अंड्यांची उबवण दोन आठवड्यांतच घसरते, परंतु खाद्य सुधारल्यावर ती तितक्याच लवकर जवळजवळ पूर्ववत होते. कणी बंद करून दुकानातील लेअर खाद्य सुरू केले. ते खाण्याच्या अंड्यांसाठी बनवलेले असल्यामुळे उबवणीच्या अंड्यांना कमी पडू नये म्हणून आठवड्यातून तीन दिवस पाण्यातून ब जीवनसत्त्व आणि रोज शेवग्याचा चिरलेला पाला देण्याचे ठरले. संध्याकाळी तीन तास, काकींच्या नजरेसमोर, कोंबड्यांना परसात सोडायला सुरुवात झाली. खुराड्याच्या सिमेंटवर भाताच्या तुसाची चार बोटे जाड गादी घातली आणि रोजचे धुणे थांबवले. काकींना घाण साचेल अशी धास्ती होती. तूस दर दोन दिवसांनी दाताळ्याने हलवून कोरडे ठेवले तर वास येत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवल्यावर ती गेली. पहिल्या पंधरा दिवसांतील सर्व अंडी खाण्यासाठी वापरायची आणि त्यानंतरचीच यंत्रात घालायची, ही अट मी आग्रहाने घातली, आणि बचत गटाच्या मागण्या थांबलेल्या असतानाही त्यांनी ती पाळली.

जुलैच्या अखेरीस ठेवलेल्या ६० अंड्यांपैकी ५ वांझ निघाली आणि उरलेल्या ५५ मधून ४७ पिल्ले बाहेर आली. न फुटलेली आठही अंडी आम्ही दोघींनी मिळून फोडली. लव मोकळी होती. पिल्ले पहिल्या तासापासून गोणपाटावर होती आणि त्यांना पहिल्या घासापासून चिक स्टार्टर मिळाले. एकाही पिल्लाचे पाय फाकले नाहीत, कोणाची बोटे आत मिटली नाहीत. एका पिल्लाचे मधले बोट आडवे होते, त्याला काकींनी दुसऱ्याच दिवशी जोडा बांधला आणि तिसऱ्या दिवशी तेल लावून सोडवला.

जूनच्या खेपेतील ३४ पक्षी आता तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्यांच्या, वयाचे झाले आहेत. आडव्या बोटांच्या पाचांपैकी जी एक पूर्ण सुधारली नाही, ती तलंग इतरांसारखीच धावते आणि दांडीवर बसते. तिला अंड्यांसाठी ठेवायला हरकत नाही, पण बोटांच्या या व्यंगात आनुवंशिकतेचा वाटा असू शकत असल्याने तिची अंडी यंत्रात घालू नयेत, असे सांगून तिच्या पायात लाल कडी घातली आहे. उजवा पंजा अर्धा मिटलेल्या पक्ष्याला दांडी पकडता येत नाही. त्याच्यासाठी काकींनी खुराड्याच्या कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर एक रुंद फळी ठोकली आहे, आणि रात्री तो त्या फळीवर बसतो.